आडनावातलं गाव: इस्रायलहून आलेल्या बेने इस्रायल मुलांना कोकणात नेताना

पहिला कागद भरायचा तो आजीकडे बसून. विमानाची तिकिटं, हॉटेल, बस हे सगळं नंतर. इस्रायलमधल्या अश्दोद, लोद, रामले, दिमोना, बेअर शेवा इथून बेने इस्रायल, म्हणजे कोकणातून तिकडे गेलेल्या मराठी ज्यू घरांतली अठरा ते पंचवीस वयाची वीस-बावीस मुलं आजी-आजोबांचं कोकण पाहायला येतात, तेव्हा फेरी जमणार की फसणार हे निघण्याच्या तीन महिने आधी त्या कागदावर ठरतं. आम्ही त्यावर पाच गोष्टी मागतो: आजी-आजोबांचं लग्नाआधीचं पूर्ण नाव, जन्मगाव, मूळ आडनाव, लग्न कुठल्या मशिदीत झालं, आणि घरातल्या कुणाची कबर कोकणात आहे का. मशीद म्हणजे इथे सिनेगॉग, ज्यूंचं प्रार्थनास्थळ. जुन्या बेने इस्रायलांच्या तोंडी हाच शब्द असतो, आणि आजीला ‘सिनेगॉग कुठलं’ असं विचारलं तर ती क्षणभर अडखळते.

घरात केतुबा, म्हणजे लग्नाचा करारनामा, सापडला तर निम्मं काम झालंच. त्यावर वधूवरांची आणि त्यांच्या वडिलांची नावं, गाव आणि हिब्रू तारीख असते. त्याचा फोटो उजेडात, सपाट ठेवून काढायला सांगावा. मुलं पलंगावर ठेवून तिरका फोटो पाठवतात आणि नेमकं गावाचं नाव घडीत गेलेलं असतं.

आडनावाची अडचण वेगळीच. पेणकर, रोहेकर, किहीमकर, झिराडकर, पेझारकर, चौलकर, अष्टमकर, नवगावकर ही नावं मराठी डोळ्याला सरळ नकाशाच दाखवतात. पण मुलांकडे ती हिब्रू लिपीतून आलेली असतात. हिब्रूत ‘प’ आणि ‘फ’ला एकच अक्षर, ‘ब’ आणि ‘व’लाही एकच, आणि स्वर बहुतेक वेळा लिहीतच नाहीत. त्यामुळे पेणकरचा फेनकर होतो, दिवेकरचा दिबकर. काहींनी इस्रायलमध्ये गेल्यावर ‘कर’ गाळलं, काहींनी आडनावच बदललं. म्हणून आडनाव आजीच्या तोंडून रेकॉर्ड करून घ्या, पासपोर्टवरून उतरवू नका. तरीही गोंधळ उरतो. नागाव अलिबागजवळ आहे, तसंच उरणजवळही आहे. नागावकरांचं पोरगं चुकीच्या नागावात उभं करायचं नसेल तर शेजारच्या एखाद्या गावाचं, बाजाराचं नाव आजीला आठवतं का ते विचारावं. ‘रेवदंड्याला जत्रेला जायचो’ एवढं वाक्य पुरतं.

आजी-आजोबा कधी कधी बोलतच नाहीत. त्यामागे इतिहास आहे आणि तो मुलांना निघण्याआधी सांगायला हवा. 1962 साली इस्रायलच्या मुख्य रब्बींच्या निर्देशामुळे लग्नाच्या वेळी बेने इस्रायलांच्या वंशाची चौकशी सुरू झाली. त्याविरुद्ध जेरुसलेममध्ये धरणं धरली गेली, आणि 1964 साली क्नेसेटने, म्हणजे इस्रायलच्या संसदेने, ते इतरांइतकेच पूर्ण ज्यू असल्याचं ठरावाने सांगितलं. त्या दोन वर्षांत तरुण असलेली माणसं आज आजी-आजोबा आहेत. ‘आमच्याकडे कोकणात असं करायचे’ हे वाक्य त्यांनी अनेक वर्षं घराबाहेर उच्चारलेलं नसतं.

व्हिसा. इस्रायली पासपोर्टवर पर्यटकांचा ई-व्हिसा मिळतो. पासपोर्टची मुदत सहा महिने शिल्लक हवी, दोन कोरी पानं हवीत, अर्ज ऑनलाइन. यात एक खड्डा आहे जो बेने इस्रायलांनाच लागतो. आई-वडील किंवा आजी-आजोबा पाकिस्तानचे नागरिक होते का, असा प्रश्न अर्जात असतो. कराचीत बेने इस्रायलांची चांगली वस्ती होती. मागेन शालोम नावाचं सिनेगॉगही तिथे 1893 साली उभं राहिलं. पाकिस्तानी मूळ असलेल्यांना ई-व्हिसा चालत नाही, त्यांनी वकिलातीतून नेहमीचा व्हिसा काढायचा आणि त्याला बराच वेळ लागतो. तेव्हा कागदावर ‘कराची’ हा शब्द दिसला की त्या मुलाचा अर्ज सर्वांत आधी हाती घ्यायचा. ‘सोडून द्या, लिहूच नका’ असा सल्ला घरचे देतात, तो ऐकू नये. ज्यांच्याकडे ओसीआय कार्ड (परदेशस्थ भारतीय वंशाच्या लोकांना मिळणारं) आहे त्यांना व्हिसाच लागत नाही, फक्त कार्ड घरी विसरायचं नाही. गिर्यारोहणाची आवड असलेल्या मुलांना आणखी एक ताकीद: सॅटेलाइट फोन किंवा तसलं संदेश पाठवणारं यंत्र भारतात आणू नये, विमानतळावरच प्रकरण होतं.

मुक्कामाची जागा पक्की करताना मालकाला पहिला प्रश्न जेवणाचा नसावा, सी-फॉर्मचा असावा. परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांत त्याची नोंद पोलिसांच्या ऑनलाइन यंत्रणेत करावी लागते. अलिबागकडची बरीच घरगुती निवासस्थानं ही नोंद करतच नाहीत, आणि रात्री नऊला पासपोर्ट पाहून ‘आम्ही फॉरेनर घेत नाही’ म्हणतात. आधी विचारा, आणि पासपोर्ट-व्हिसाच्या छायाप्रती दोन संच करून न्या. दुसरा संच सिनेगॉगसाठी. 2008 च्या हल्ल्यानंतर मुंबईतल्या सिनेगॉगवर पोलीस पहारा असतो. विश्वस्तांना यादी आणि छायाप्रती आठवडाभर आधी पाठवल्या नाहीत तर दारात अर्धा तास जातो, कधी सगळीच भेट जाते.

मुंबईसाठी दोन दिवस पुरतात. इथे आमचं मत जरा ठाम आहे. काळा घोड्याचं क्नेसेट एलियाहू (1884) आणि भायखळ्याचं मागेन डेव्हिड (1861) ही दोन्ही सुंदर आहेत, पण ती ससून घराण्याची, बगदादी ज्यूंची. बगदाद्यांनी बेने इस्रायलांपासून अंतर राखलं होतं. मुलं फोटो तिथेच जास्त काढतात आणि घरी पाठवतात, मग आजी विचारते, ‘ही कुठली मशीद?’ अर्धा अर्धा तास द्यावा आणि खरा वेळ राखावा तो मांडवीच्या शाअर हारहामीमसाठी. समाजी हसाजी दिवेकर, म्हणजे सॅम्युएल एझिकिएल, यांनी 1796 साली स्थापन केलेलं हे मुंबईतलं पहिलं सिनेगॉग. टिपूच्या कैदेतून सुटल्यावर त्यांनी ते बांधलं असं परंपरा सांगते. जुनी मशीद हे त्याचं घरगुती नाव, आणि मशीद बंदर स्टेशनचं नाव यावरूनच पडलं असं मानतात. बस सॅम्युएल स्ट्रीटवर शिरत नाही. हातगाड्या आणि हमाल यांच्यातून वाट काढायला ड्रायव्हर तयार होत नाही. गर्दी ओसरल्यावर, अकराच्या पुढे, लोकलने मशीद स्टेशनला उतरून चालत जावं. समाजी म्हणजे सॅम्युएल आणि हसाजी म्हणजे एझिकिएल हे तिथेच सांगून टाकावं, कारण पुढे कबरींवर असली नावं भेटणार असतात.

ठाण्याचं शाअर हाशामाईम 1879 चं आहे. आजही इथे प्रार्थनेला माणसं जमतात, म्हणून संध्याकाळी न्यावं आणि प्रार्थनेनंतर हातबोशी पाहू द्यावी: समोरच्याचे हात हातात घ्यायचे आणि मग आपलीच बोटं ओठांना लावायची. मुलांना एकदा दाखवलं की ती पुढच्या प्रत्येक ठिकाणी स्वतःहून करतात.

अलिबागला जायच्या दोन वाटा. गेटवेवरून मांडव्याची बोट, साधारण तासाभराची, पावसाळ्यात बंद. किंवा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो, तीही तासाभराची आणि तिच्यात गाड्याही जातात. रस्त्याने जायचं तर पनवेल, पेण, वडखळ. वडखळला कोंडी होते, तेव्हा नकाशावर अडीच तास दिसले तर चार धरावेत. आम्ही जाताना रस्ता आणि येताना बोट घेतो, कारण वाटेत पनवेलचं बेथ एल (1849) आणि पेणचं बेथ हाएलोहीम (1863) लागतं. पनवेलच्या सिनेगॉगमध्ये 26 जुलै 2005 च्या महापुराचं पाणी शिरलं होतं. ते कुठवर चढलं हे सांभाळणाऱ्याला विचारावं, मुलं लक्ष देऊन ऐकतात. मात्र गुरुवारी संध्याकाळपर्यंत अलिबागला पोचलंच पाहिजे. शुक्रवारी सूर्यास्ताला शब्बाथ, म्हणजे ज्यूंचा विश्रांतीचा शनिवार, सुरू होतो आणि मग प्रवास, स्वयंपाक, विजेची बटणं काहीच चालत नाही. शुक्रवारची बोट हा नवख्या आयोजकांचा ठरलेला अपघात.

नवगाव अलिबागच्या उत्तरेला, थळच्या शेजारी. पूर्वजांचं गलबत इथे फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, समुद्राने बाहेर टाकलेली प्रेतं इथेच दोन ढिगांत पुरली, पुरुष एकीकडे, बायका एकीकडे, ही बेने इस्रायलांची परंपरा. स्मारकस्तंभही तिथेच आहे. इथे सकाळी आठलाच जावं. गटात कुणी कोहेन, म्हणजे पुरोहित घराण्यातला असेल तर तो कबरस्तानात शिरत नाही. बेने इस्रायलांमध्ये कोहेन सहसा नसतात, पण आई एका घराण्याची आणि बाप दुसऱ्या, असे आता पुष्कळ. त्याची फाटकाबाहेर सावलीत बसायची सोय आधी बघा, नाहीतर तो बिचारा तासभर उन्हात उभा राहतो. निघताना हात धुवायला पाणी लागतं आणि तिथे नळ मिळेल याची खात्री नसते. वीस लिटरचा कॅन आणि एक तांब्या गाडीत ठेवावा.

खंडाळे. इथे गटाचे सर्वांत जास्त तास वाया जाताना पाहिलेत. एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा रथ जिथे टेकला आणि खडकावर त्याच्या खुणा उमटल्या असं मानतात, ते खंडाळे अलिबागजवळचं. ड्रायव्हरने फोनमध्ये नुसतं नाव घातलं की तो लोणावळ्याजवळच्या खंडाळ्याची वाट धरतो. सागाव-खंडाळे, अलिबाग, असं लिहून द्यावं.

खडकापाशी मलिदा, म्हणजे एलियाहू हनाबीच्या नावाने करायचा गोड पोह्यांचा प्रसाद, करायचा तर सामान अलिबागहूनच न्यावं. पंचवीस जणांना एक किलो पोहे, दोन नारळ, अर्धा किलो साखर किंवा गूळ, वेलची, बदाम-पिस्त्याचे काप. पोहे भिजवत ठेवायचे नाहीत. चाळणीत घेऊन पाणी सोडायचं आणि दहा मिनिटं निथळत ठेवायचे. मुलांच्या हाती दिलं की ती पातेल्यात बुडवून ठेवतात आणि लगदा होतो. नारळ खवणीवर खोवायला त्यांना आवडतं, पण पहिला नारळ जाणत्याने खोवून दाखवावा, बोटं कापतात. ओलं खोबरं घातलेला मलिदा उन्हात तीन-चार तासांपेक्षा जास्त टिकत नाही. वर फळं मांडतात, बरोबर सुवासिक पान किंवा गुलाब. एलियाहू हनाबीचं गाणं म्हणून झालं की ब्राखा (खाण्याआधीची आशीर्वचनं) क्रमाने: खजुरावर झाडाच्या फळाची, केळ्यावर मात्र जमिनीतून उगवणाऱ्याची. केळीला हलाखा, म्हणजे ज्यू धर्मनियम, झाड मानत नाही. कोकणात केळीच्या बागेशेजारी उभं राहून हे सांगितलं की यावर हटकून वाद होतो, तो होऊ द्यावा.

तू बिश्वतला, म्हणजे झाडांच्या नववर्षाच्या सणाला, हा मलिदा करण्याला विशेष मान आहे, म्हणून बरेच गट तीच तारीख मागतात. 2027 साली ती 23 जानेवारीला येते आणि तो शनिवार आहे. त्या दिवशी गाडीने खंडाळ्याला जाता येणार नाही, खवणीही चालवायची नाही. त्या वर्षी मलिदा गुरुवारी करून घ्यावा.

जेवणात मांसाचा प्रश्न सोपा: गटासाठी कोशेर (ज्यू धर्मनियमांत बसणारं) मांस मिळण्याची हमी नसते, म्हणून मेनूतून काढून टाकायचं. मासे चालतात, पण खवले आणि पर दोन्ही असलेले: पापलेट, सुरमई, रावस, बांगडा. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, मुशी नाही. मासा अख्खा घ्यावा, खवले कोळणीसमोर बघावेत आणि मगच कापून घ्यावा. हॉटेलातून तुकडे आणले तर सुरमई म्हणून काय आलं ते सांगता येत नाही. स्वयंपाकघरातल्या तव्यावर सकाळी कोळंबी तळलेली असते हा मुद्दा आचाऱ्याला पटायला वेळ लागतो. आम्ही दोन कढया, एक तवा आणि चार पातेली नवीनच घेतो. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, सोलकढी यांवर कुणाची हरकत नसते. किद्दुशसाठी, म्हणजे शब्बाथच्या जेवणाआधीच्या आशीर्वचनासाठी, द्राक्षारस नसेल तर जुनी रीत आहे: काळे मनुके रात्री पाण्यात भिजवायचे, सकाळी कुस्करून, गाळून शरबत करायचं. अर्धा किलो मनुक्यांना साधारण दीड लिटर पाणी घेतलं तर पंचवीस जणांच्या घोटाला पुरतं. बाटलीतलं थंडपेय त्या जागी ठेवू नये, आजोबांना फोटोत दिसतं.

अलिबागच्या इस्रायल आळीतलं मागेन आबोथ 1848 चं. शब्बाथचा मुक्काम इथून चालत दहा मिनिटांच्या आत हवा. समुद्रकिनाऱ्यावरचं हॉटेल कितीही चांगलं असलं तरी चालून येऊन पुन्हा जेवायला जायचं असतं. खोल्या पहिल्या मजल्यापर्यंत आणि साध्या किल्लीच्या मागाव्यात. कार्डाने उघडणारं कुलूप आणि माणूस आला की आपोआप लागणारा जिन्यातला दिवा, या दोन्ही गोष्टी शुक्रवारी संध्याकाळनंतर अडचणीच्या. जानेवारीच्या मध्यात सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. मेणबत्त्या त्याआधी 18 मिनिटं. म्हणजे साडेपाचला सगळी अंघोळ करून तयार हवीत, आणि वीस जणांना गरम पाणी पुरवायला गिझर तीनपासून चालू करावा लागतो. शनिवारचं जेवण शुक्रवारी दुपारी शिजवून डब्यांत भरावं. विजेच्या शेगडीवर भरवसा ठेवू नये, वीज जाते.

या शब्बाथात एक गोष्ट घडते ती इतर कुठल्याही सहलीत घडत नाही. तोरा (धर्मग्रंथाची हस्तलिखित गुंडाळी, सेफेर तोरा) काढून वाचायला दहा प्रौढ पुरुष, मिन्यान, लागतात. कोकणातल्या गावांत आता मोजकीच घरं उरली आहेत आणि एरवी दहा जमवणं कठीण जातं. गटात दहा मुलगे असतील तर गट स्वतःच मिन्यान घेऊन आलेला असतो. म्हणून मुलगे-मुली मोजताना हा आकडा ध्यानात ठेवावा, आणि एखादा आजारी पडेल हे धरून बारा-तेरा असू द्यावेत. सेफेर तोरा वाचण्याजोगी आहे का हे महिनाभर आधी विचारावं. दमट हवेत शाईला भेगा पडतात आणि एक अक्षर तुटलं तरी ती वाचायला चालत नाही. वाचणारा मुलगा घरूनच तयारी करून यावा. चाल मात्र गावच्या बुजुर्गांची धरायची. इस्रायली चालीत वीस जण जोरात म्हणू लागले की ज्यांचं सिनेगॉग आहे तेच गप्प होतात. पहिल्या रांगेत मुलांनी बसू नये, हेही आधी सांगावं.

शुक्रवार सकाळ आणि रविवार ज्याच्या त्याच्या गावासाठी. तिघा-चौघांची टोळी, एक रिक्षा किंवा सहा आसनी, बरोबर मराठी बोलणारा एक. रेवदंड्याचं बेथ एल 1842 चं. चौल, नागाव त्याच वाटेवर. इथे मुलं घर शोधतात आणि घर बहुतेक नसतंच, किंवा विकलेलं असतं. आणखी नाजूक भाग असा: ‘आमच्या पणजोबांचं घर इथे होतं’ असं परदेशी पोरांनी म्हटलं की आत राहणाऱ्याच्या मनात पहिला विचार सातबाऱ्याचा येतो. जमिनीवर हक्क सांगायला आलेत की काय! दारं बंद होतात. म्हणून सुरुवात घरापासून करूच नये. गावातल्या म्हाताऱ्या माणसाला ‘इथे शनिवार तेली राहायचे का?’ असं विचारावं. शनिवारी घाणा बंद ठेवणारे ते शनिवार तेली, आणि सोमवारी ठेवणारे सोमवार तेली. हे नाव ऐकलं की माणूस ओळखीचं हसतो, आळी दाखवतो, विहीर दाखवतो, आणि बहुतेक वेळा चहा होतो. घर कुठलं ते मग तोच सांगतो.

कबर सापडली की घाई करू नये. तारेचा ब्रश, ॲसिड, साबण यांतलं काही लावायचं नाही. साधं पाणी आणि मऊ कुंचला. अक्षरं उठून दिसावीत म्हणून खडू किंवा पीठ चोळण्याची सवय वाईट, ते दगडाच्या भेगांत बसतं. सकाळी नऊच्या आत किंवा चारनंतर तिरक्या उन्हात फोटो काढला की झिजलेली अक्षरंही वाचता येतात. ऊन नसेल तर एकाने बाजूने टॉर्च धरावा. मराठी मजकूर मुलांना वाचता येत नाही आणि हिब्रू आम्हाला, तेव्हा दोघांनी मिळून वाचायचं. हिब्रू सालात हजाराचा आकडा बहुधा गाळलेला असतो. उरलेल्या आकड्यात 1240 मिळवले की इसवी सन येतं: 650 असेल तर 1890. तिश्रीपासून (हिब्रू वर्षाचा पहिला महिना, सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास) डिसेंबरअखेरपर्यंतची तारीख असेल तर एक वर्ष वजा. दगडाच्या चारही बाजूंचे फोटो, एक लांबून, आणि फाइलला गाव, रांग आणि मराठीत नाव. फोनने दिलेल्या आकड्यांच्या नावाने पाठवलेले फोटो महिन्याभराने कुणालाच ओळखता येत नाहीत, आणि पुढच्या गटातल्या एखाद्या पेणकराला पुन्हा पहिल्यापासून शोधत बसावं लागतं.